मागच्या इंजिनाची शिट्टी

माझ्या पडवीत कर्जत ते लोणावळा एवढी रेल्वे आहे. लांबी बावीस फूट. पळसदरीच्या आमच्या घराची ही पडवी आईच्या वेळी भाताच्या कणग्यांची होती. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर मी ती तिन्ही बाजूंनी बंद करून घेतली, लाकडी घोड्यांवर फळ्या टाकल्या आणि चार वर्षं खपून त्यांच्यावर घाट उभा केला. डोंगर गोणपाटाचे आणि प्लास्टरचे, बोगदे पाइपाचे, धरण आरशाच्या तुकड्याचं. रूळ आणि इंजिनं मात्र परदेशी बनावटीची, वीतभर लांब, दिवे लागणारी, शिट्टी वाजवणारी. शनिवार-रविवारी पळसदरीच्या खऱ्या धरणावर येणारी मंडळी पाणी मागायला अंगणात शिरतात, पडवीत डोकावतात आणि हमखास विचारतात, "अरे वा, रिमोटवर चालते का?" मी त्यांना पाणी देते, पण हसत नाही.

कारण तो रिमोट नाही. पूर्वीच्या खेळण्यात रुळातली वीज कमीजास्त केली की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळायची नाहीतर एकदम थांबायची. या डिजिटल पद्धतीत रुळात वीज कायम भरलेली असते. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि तिला स्वतःचा नंबर असतो. हातातल्या कंट्रोलरवर तो नंबर लावायचा आणि नॉब फिरवायचा. हुकूम तारेतून टेबलाखालच्या मुख्य डब्याकडे जातो, डबा तो रुळांमधून सगळ्यांना ऐकवतो आणि ज्याचा नंबर असेल तेवढंच इंजिन हलतं. सगळा जन्म टेलिफोनचे नंबर जोडण्यात गेलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

कंट्रोलर एकच होता आणि तो माझ्या हातात असायचा. पाहुणे आले, त्यांची पोरंबाळं आली, कुणी कितीही गोड बोललं तरी मी तो दिला नाही. माझा स्वभाव तसाच आहे. नोकरीतही खांबावर दुसरा कुणी चढला की माझा जीव खाली टांगणीला लागायचा आणि शेवटी त्याला उतरवून मीच चढायचे. "तुम्हाला कुणाचं काम पटतच नाही," असं साहेब म्हणायचे. ते खरं होतं, पण मला ती स्तुती वाटायची.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. अंगणापलीकडच्या घरात तो आणि वहिनी राहतात. तो रेल्वेत ड्रायव्हर होता, पण बँकरचा. कर्जतमध्ये हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगते. घाटात सदतीस फूट पुढे गेलं की रूळ एक फूट वर चढतो. ही चढण पुढच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे दोन, कधी तीन इंजिनं लावतात, तेच बँकर. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलतात, तिथे सुटतात आणि रिकामी खाली येतात. गाडी पुढे पुण्याला जाते, पार दक्षिणेत जाते. दादा मात्र सगळ्या नोकरीत गाडी घेऊन लोणावळ्याच्या पुढे कधी गेला नाही.

मलाही लहानपणी इंजिन चालवायचं होतं. त्या काळी मुलींना ते कुणी विचारतही नव्हतं, त्यामुळे दादाला नोकरी लागली तेव्हा मी जळफळले आणि नंतर जन्मभर त्याला चिडवत राहिले. "तू कसला ड्रायव्हर? तू धक्का मारणारा." तो चिडायचा नाही. "आमी नसलो तर पुन्याची मानसं बसतील मंकी हिलला माकडांसंगं," म्हणायचा आणि डबा उचलून ड्युटीला जायचा.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, वाचाही आली, पण उजवा हात थरथरत राहिला. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, हात वापरा, जितका वापराल तितका सुधारेल. दादाने नेमकं उलटं केलं. रोज सकाळी तो स्टेशनबाहेरच्या टपरीवर जायचा, तिथे त्याच्यासारख्या निवृत्त मंडळींचा कंपू असतो. एकदा त्याच्या हातून चहाचा ग्लास सांडला, शेजारच्याच्या धोतरावर. कुणी काही बोललं नाही, उलट सगळे फार चांगलं वागले. त्या दिवसापासून तो टपरीवर गेला नाही. हात पंच्याखाली लपवून ओट्यावर बसायचा. पुढे पुढे तर बसेनासाही झाला. शर्टाची बटणं वहिनी लावायच्या, घास वहिनी भरवायच्या.

एका सकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. "वन्सं, तुमच्या गाडीपाशी बसवा त्यांना. दिवसभर भिंतीकडं तोंड करून झोपतात. मला भ्या वाटतं, असाच जाईल हा मानूस."

मलाही तीच भीती होती, पण ती मी बोलून दाखवली नव्हती. मी दादाला जवळजवळ ओढत पडवीत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. त्याला दाखवायची म्हणून सहा डब्यांची गाडी कर्जतहून सोडली आणि घाट चढवून लोणावळ्याला नेली. तो बघत राहिला. बऱ्याच दिवसांत तो आपणहून एक शब्द बोलला नव्हता.

"मागं कोन हाय?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. हलके डबे आहेत दादा, एक इंजिन पुरतं."

"घाट हाय ना? मंग बँकर पायजे."

मी कपाटातलं दुसरं इंजिन काढून मागे लावलं. एका कंट्रोलरवर दोन इंजिनं चालवायची सोयही या पद्धतीत आहे. त्यांची जोडी लावून टाकायची, म्हणजे एकच नॉब दोघांना सारखा हुकूम देतो. मी जोडी लावली आणि गाडी पुन्हा वर नेली. मला वाटलं, आता खूश होईल.

"मागचा मानूस कुठं हाय?"

"माणूस कशाला? एकाच नॉबवर दोन्ही चालतात."

"मंग शिट्टी कोन देतं?"

त्याचं म्हणणं मला कळलं. घाटात गाडी निघताना पुढचा ड्रायव्हर एक लहान शिट्टी देतो, म्हणजे मी तयार आहे. मागचा एक लहान शिट्टी देऊन उत्तर देतो, मीही तयार आहे. हे उत्तर आल्याशिवाय पुढच्याने गाडी हलवायची नाही. मधे एवढी लांब गाडी असते, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आता वॉकीटॉकी आले तरी दादाच्या लेखी ती शिट्टी म्हणजे शब्द दिल्यासारखी होती.

म्हणून दुसरा कंट्रोलर आला. खरं तर दोन आले. पुण्यातला एक माणूस हा छंद सोडत होता, त्याच्याकडे दोन जोडूनच होते आणि एकटा द्यायला तो तयार नव्हता. मुख्य डब्याच्या पाठीमागे जास्तीचे कंट्रोलर जोडायला जागा होती. चार वर्षांत मी तिथे कधी काही जोडलं नव्हतं. तारेच्या टोकाला पाहते तो टेलिफोनसारखाच पारदर्शक चिमुकला प्लग. असले प्लग माझ्याकडे डबाभर पडलेले आहेत. जुनी पकड काढली, टेबलाच्या कडेने तार फिरवली, तीन ठिकाणी सॉकेट बसवले. एक कर्जतपाशी माझ्यासाठी, एक मागच्या इंजिनापाशी दादाच्या खुर्चीजवळ, एक खोपोलीची लाइन फुटते त्या फाट्यावर. अर्ध्या दिवसाचं काम. फार बरं वाटलं.

मग वीज चालू केली आणि सगळं बिघडलं. माझा कंट्रोलर मधेच मुका होई, दादाचा मधेच बरळे. इंजिन चालता चालता अडखळे. मी तारा तपासल्या, प्लग बदलले, खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या भाईंकडे दोन्ही कंट्रोलर घेऊन गेले. त्यांनी उघडून बघितले आणि म्हणाले, "आपा, ये तो एकदम बराबर है." तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुख्य डबा शाळेतल्या बाईंसारखा सारखी हजेरी घेत असतो, एक नंबर, काही सांगायचंय का, दोन नंबर, काही सांगायचंय का. इंजिनांना नंबर असतात तसे कंट्रोलरलाही असतात आणि माझे तिन्ही कंट्रोलर कंपनीतून एकच नंबर घेऊन आले होते. हाक मारली की तिघं एकदम ओरडायचे आणि डब्याला कुणाचंच ऐकू यायचं नाही. एका नंबरवर तीन घरं जोडली म्हणून मी हाताखालच्या किती माणसांना झापलं असेल! दादाला सांगितलं तर तो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा हसला. त्या हसण्यासाठी मी अजून तीन दिवस मूर्ख ठरायला तयार होते.

तिघांना तीन नंबर दिले आणि पहिली खरी गाडी लावली. मी पुढे, दादा मागे. मी शिट्टी दिली. दादाचा अंगठा बटण शोधत राहिला, मग मागून शिट्टी आली. आम्ही निघालो. दुसऱ्या बोगद्याच्या वळणावर त्याचा हात थरथरला आणि नॉब एकदम पुढे गेला. मागचं इंजिन उसळलं, मधले डबे वाकडे व्हायला लागले. माझ्या कंट्रोलरवर एक लाल बटण आहे, ते दाबलं की सगळा कारभार जागच्या जागी थांबतो. मी ते दाबलं. डबे थोडक्यात रुळावर राहिले. ही इंजिनं इथे मिळत नाहीत. एखादं टेबलावरून खाली पडलं तर त्याचा भाग कुठून आणू?

त्या दुपारी दादा जेवायला गेल्यावर मी दोन्ही इंजिनांची पुन्हा जोडी लावून टाकली. म्हणजे मागचं इंजिन माझ्याच नॉबवर चालणार. दादाच्या कंट्रोलरवर त्याचा नंबर दिसेल, त्याने नॉब फिरवला की वेगाचा आकडा वाढेल, शिट्टीही वाजेल. फक्त इंजिन त्याचं ऐकणार नाही. हे करताना लाज वाटली का? खरं सांगते, नाही वाटली. मला माझी हुशारीच वाटली.

पुढचे दोन महिने फार सुखाचे गेले. दादा रोज दहा वाजता यायचा. मी शिट्टी द्यायचे, तो उत्तर द्यायचा, मी त्याच्या हाताकडे चोरून बघत त्याच्या बरोबरीने माझा नॉब फिरवायचे. गाडी लोण्यासारखी वर जायची. "हात बसतोय गं बाय," तो म्हणायचा. आणि खरंच बसत होता. त्याने भाकरी स्वतः मोडून खायला सुरुवात केली. एके दिवशी दाढी स्वतः केली, दोन ठिकाणी कापून घेतलं आणि ते दोन्ही चट्टे मिरवत आला. तिसरा कंट्रोलर मी वहिनींच्या हातात दिला. त्या नको नको म्हणत खोपोलीची गाडी चालवायला लागल्या. वाटेतल्या केळवली स्टेशनात गाडी इतका वेळ उभी करायच्या की मी विचारायचे, "भाजी घ्यायला उतरलात का?" त्या गंभीरपणे म्हणायच्या, "मानसं चढतायत ना वन्सं."

आणि मग माझी हौस नडली. एका रविवारी ठाण्याचं एक जोडपं धरणावरून परतताना पडवीत आलं. त्यांनी रिमोट म्हटलं नाही, उलट तो माणूस थोडा जाणकार निघाला. बोगद्यांची नावं विचारली, डोंगराला हात लावून बघितला. मला स्फुरण चढलं. "आता बघा घाट कसा चढतो," म्हणत मी शिट्टी दिली आणि नॉब फिरवला. गाडी निघाली, पहिल्या बोगद्यात शिरली, बाहेर आली. मी बोलतच होते.

"मी शिट्टी दिली नाय," दादा म्हणाला.

मी वळून बघितलं. वहिनींनी नुकताच चहा आणला होता. दादाच्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता. परक्या माणसांसमोर त्याने पहिल्यांदाच त्या हातात ग्लास धरला होता. त्याचा कंट्रोलर मांडीवर पडलेला होता आणि त्याचं इंजिन गाडी ढकलत घाट चढत होतं.

त्याने ग्लास खाली ठेवला, कंट्रोलर उचलला. आकडा शून्य होता. त्याने नॉब पुढे नेला, शेवटपर्यंत. इंजिनाला काही फरक पडला नाही. मागे आणला, तरी काही नाही. मग त्याने शिट्टीचं बटण दाबलं. शिट्टी वाजली.

"एवढंच हाय व्हय माझ्याकडं?" त्याने विचारलं.

त्याने कंट्रोलर टेबलावर नीट ठेवला, तार गुंडाळून ठेवली आणि अंगण ओलांडून घरी गेला. त्या जोडप्याला काही कळलं नाही. ते मला छान छान म्हणत गेले.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला आधी राग आला. कुणासाठी केलं मी हे? माझी चार वर्षांची मेहनत, माझी इंजिनं, आणि हा रुसून बसणार! चार दिवसांनी वहिनी सांगायला आल्या की दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपतो, बटणं पुन्हा त्यांनाच लावावी लागतात. मी माझं म्हणणं मांडायला लागले. वहिनी कधी मला उलट बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"भातुकलीतलं जेवान वाढलंत तुमी त्यांना वन्सं. भूक तर खरी होती ना त्यांची?"

आणि खोपोलीच्या कंट्रोलरची तार काढून, माझ्या हातात देऊन त्या गेल्या.

मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसले होते. मला आठवलं, कुणी मला काम देऊन वर पुन्हा तपासायला दुसरा माणूस पाठवला की मी कशी पेटायचे. इथे तर मी कामच दिलं नव्हतं. कामाचं चित्र दिलं होतं आणि रोज त्याच्या तोंडावरचा आनंद बघून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. फार वाईट वाटलं. मी उठून दादाकडे गेले.

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी पाठीशी बसले.

"दादा, डबे पडले असते रे."

"पडू द्यायचे."

"हात थरथरतो तुझा."

"त्ये मला म्हायती हाय. तू सांगायला नको." मग तो भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "मागं बसून सगळी नोकरी केली. गाडीतल्या मानसांना म्हायती पन नसायचं मागं कोन हाय. त्याचं काय वाटलं नाय कधी. पन माझं वजन लागत होतं गं. न लागता कुनी इंजिन जोडतं व्हय?"

"चुकले मी," एवढंच म्हणाले. हा शब्द दादाने माझ्या तोंडून याआधी ऐकला असेल तर मला तरी आठवत नाही. पण त्याने तोंड वळवलं नाही आणि मी परत आले.

जोडी तर मी लगेच सोडली. दोन इंजिनं, दोन नंबर, दोन नॉब. पण तेवढ्याने भागणार नव्हतं, हे मला पडवीत शिरताच दिसलं. माझे डबे हलके होते. पुढचं इंजिन सहा डबे एकटंच खेचून नेत होतं. दादाने मागून खरोखर ढकललं काय आणि त्याचं इंजिन नुसतं सोबत चाललं काय, गाडी वर जाणारच होती. त्याचं वजन लागत नव्हतं.

मग मी खोपोलीच्या हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी नट आणले. एकेका डब्याचं छप्पर काढून आत नट भरले, कागद कोंबून घट्ट बसवले. सहाचे आठ डबे केले. चढण मोजली, पुन्हा नट भरले. तीन दिवस हाच उद्योग. गाडी आधी रडतखडत चढायची, मग वळणावर अडखळायला लागली आणि शेवटी एकदा दुसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी माझं लाडकं इंजिन अडकलं. चाकं जागच्या जागी गरागरा फिरत होती, गाडी इंचभर हलत नव्हती. आपण बनवलेली गाडी चालत नाही म्हणून इतका आनंद झालेली मी जगातली एकटीच असेन.

मी अंगणातूनच हाक मारली. "दादा, घाटात गाडी अडकलीय. कर्जतहून बँकर पाठवा म्हणतायत."

मी हात धुतले, चहा टाकला, एकटीने प्यायले. तासाभराने दार वाजलं. दादा उभा होता, मागे वहिनी. त्याच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, त्यामुळे सगळा शर्ट एका बाजूला चढला होता. म्हणजे बटणं त्याने स्वतः लावली होती. मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे. ते बटण दोघींनीही तसंच राहू दिलं.

तो खुर्चीवर बसला नाही. टेबलाच्या कडेने चालत गेला आणि वाकून चाकांकडे बघत म्हणाला, "चालव एकटी."

मी नॉब फिरवला, शेवटपर्यंत. चाकं फिरली, गाडी जागेवरच. त्याने डाव्या हाताने शेवटचा डबा उचलला आणि हातावर तोलून बघितला.

"काय भरलंस?"

"नट."

"किती?"

"मला एकटीला चढवता येणार नाही इतके."

त्याने डबा रुळावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता कंट्रोलरची तार सॉकेटमध्ये घातली, उजव्या हाताने. तीनदा चुकली, चौथ्यांदा बसली. आम्ही गाडी मागे कर्जतला आणली. त्याने आपलं इंजिन हळूहळू आणून मागे जोडलं. जोडताना जरा धक्का बसला, पण जोडलं.

मी शिट्टी दिली आणि थांबले. त्याचा अंगठा बटणांवरून फिरत होता. ते बटण कुठे आहे हे सांगायला माझी जीभ शिवशिवत होती. नाही सांगितलं. मागून एक लहान शिट्टी आली.

दुसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी माझं इंजिन मघासारखंच अडखळलं, चाकं फिरायला लागली. माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. आणि मग डबे एकमेकांना टेकत टेकत मागून जोर आला, गाडी हलली, बोगद्यात शिरली, पलीकडे बाहेर पडली. मला रडू आलं. वहिनींनी ते बघितलं, खोपोलीच्या कंट्रोलरची तार पुन्हा जोडली आणि त्या आपल्या गाडीची शिट्टी उगाचच वाजवायला लागल्या.

दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला वळणावर दादाचा हात थरथरला. मागचं इंजिन उसळलं. मधले डबे वाकडे होताना मला दिसले. माझा अंगठा लाल बटणावर होता, वेळही होता. मी कंट्रोलर पाठीमागे धरला. तीन डबे रुळावरून उलटले, गडगडत डोंगरावरून खाली आले आणि धरणाच्या आरशावर पडले. छपरं उडाली. सगळे नट पडवीभर घरंगळत गेले. आरसा फुटला.

मग दादा म्हणाला, "माझ्यामुळं पडले."

"हो," मी म्हणाले. "तुझ्यामुळे पडले."

"जास्ती ढकललं मी."

"फारच जास्ती."

आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून नट गोळा करायला लागलो. तो उजव्या हाताने एकेक नट उचलत होता. एक उचलायचा, तो निसटायचा, पुन्हा उचलायचा. आम्ही दोघींनी आपापले संपवून त्याच्याकडे न बघता चहा केला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी दादा आला नाही. मी घाबरून अंगणात गेले तर वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, टपरीवर गेलेत, सकाळीच. त्याच्या मागोमाग त्या दूध आणायला स्टेशनपाशी गेल्या होत्या, तेव्हा दादा बाकावर मधोमध बसला होता आणि सगळा कंपू ऐकत होता. आख्ख्या नोकरीत ज्याच्या हातून एक डबा रुळावरून उतरला नाही, तो दादा काल घाटात तीन डबे कसे पाडले ते सगळ्यांना सांगत होता. आणि नॉब किती पुढे गेला हे दाखवायला, वहिनी सांगत होत्या, त्याने उजवा हात पंच्यातून बाहेर काढला होता.